मॅग्नेशियम कमी दाखवतंय? थांबा, आधी खारटपणा मोजा

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सिंहगड रोडला आमचा फ्लॅट, हॉलमध्ये तीन फुटी रीफ टँक (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी), खाली संप (कामगारांचा नव्हे, फिल्टरची टाकी), दगड-वाळू वजा करून एकूण १८० लिटर पाणी. कोरलना वाढायला लागतं म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी खायचा सोडा, रात्री कॅल्शियम, असं तीन आठवडे इमानेइतबारे ओतत होतो आणि तरी अल्कलिनिटी (सोड्याने वाढते ती, पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएचमध्ये मोजतात) साडेसहाच्या वर टिकेना, कॅल्शियम ३६० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास अडकलेलं. डोस वाढवला की पाणी जरा दुधाळ व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी आकडा जागच्या जागी. शेवटी हीटर साफ करायला बाहेर काढला तर त्याच्यावर पांढरा खरखरीत थर, नखाने निघेना. आई बघत होती, म्हणाली, "अरे, हे तर आपल्या गिझरच्या कॉइलसारखं झालंय."

तेच होतं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये जो क्षार बसतो तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, आणि मी तीन आठवडे पैसे घालून तोच माझ्या हीटरवर आणि पंपावर बसवत होतो. मॅग्नेशियम मोजलं तर १०८०. मग मी लगेच मॅग्नेशियम ओतायला निघालो, आणि तीही चूकच होती, ती कशी ते पुढे येईलच.

मॅग्नेशियम करतं काय

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट खरंतर मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं, घट्ट पाकासारखं, कधीही जमेल असं. तरी ते जमत नाही, त्यात मोठा वाटा मॅग्नेशियमचा. कार्बोनेटचा बारीक कण तयार व्हायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या अंगाला चिकटतं आणि पुढचा थर नीट बसू देत नाही. पाकात साखर परत जमू नये म्हणून आपण लिंबू पिळतो ना, कारण वेगळं आहे पण काम तेच. मॅग्नेशियम कमी पडलं की तुम्ही घातलेला सोडा आणि कॅल्शियम एकमेकांना धरून हीटरवर, पंपाच्या इम्पेलरवर, वाळूत जाऊन बसतात आणि कोरलच्या वाट्याला काही येत नाही.

खऱ्या समुद्रात ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) खारटपणाला मॅग्नेशियम साधारण १२८० ते १३०० पीपीएम, कॅल्शियम ४१० ते ४२०, अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास, पोटॅशियम ४०० च्या जवळ, स्ट्रॉन्शियम ८. घरच्या टँकला मी मॅग्नेशियम १३०० ते १३५०, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८ ते ९ धरतो. आकडा नेमका किती यापेक्षा तो रोज हलत नाही ना, हे जास्त महत्त्वाचं, खासकरून अल्कलिनिटीचं.

पहिलं काम: खारटपणा

हे सगळे आकडे ३५ पीपीटीचे आहेत. पाणी पातळ असेल तर त्याच प्रमाणात सगळंच कमी दिसणार, मग त्याला मॅग्नेशियमची कमतरता म्हणायचं कसं? वरणात पाणी जास्त झालं म्हणून नुसती हळद वाढवत बसण्यासारखं आहे ते. १.०२३ ग्रॅव्हिटीवर (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) टँक चालवणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणजे साडेतीस-एकतीस पीपीटी, तिथे मॅग्नेशियम ११३०-११४० येणं अगदी बरोबर आहे, काहीही बिघडलेलं नाही.

माझी भानगड हीच होती. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) ३५ दाखवत होता, पण मी तो नेहमी आरओच्या पाण्याने शून्यावर लावायचो. शून्य बरोबर आलं म्हणजे ३५ पण बरोबर असं नसतं हो. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन फ्लुइड टाकून बघितलं तर पाणी प्रत्यक्षात ३२ निघालं. फ्लुइड मिळालं नाही तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआयचं पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून उरलेसुरले क्षार काढलेलं), एकूण एक किलो. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकंच दिसतं, स्क्रू फिरवून ३५ वर आणायचं, बास. पाणीसुद्धा वजन करूनच घ्यायचं, मापाच्या भांड्याने अंदाजे नाही. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, काचेचं आणि पाण्याचं तापमान एक होऊ द्या.

आता हिशोब बघा. ३२ वर १०८० म्हणजे ३५ वर जवळपास ११८०. म्हणजे १३२० पर्यंत जायला मला २४० ची कमतरता वाटत होती, त्यातली शंभर नुसती खारटपणाची होती. खारटपणा एकदम चढवायचा नाही, रोज जे पाणी उडतं त्याच्या जागी गोड्याऐवजी मिठाचं पाणी टाकत राहायचं, मला आठवडा लागला. तोपर्यंत सोडा-कॅल्शियमचा वाढवलेला डोस बंद.

पुण्यात एप्रिल-मे मध्ये याची उलटी बाजूपण असते. पंखा लावून टँक गार ठेवला की माझ्याकडे रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. ऑटो टॉप-अपचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या सोयीचा) डबा रिकामा राहिला किंवा गुरुवारी लाईट गेल्यावर पंपाचा प्लग पुन्हा लावायचा विसरला आणि दोन दिवसांत दहा लिटर कमी झालं, तर ३५ चं ३७ होतं आणि १३०० चं मॅग्नेशियम १३७५ दिसतं. त्यामुळे टेस्ट नेहमी टॉप-अप झाल्यावर, पाण्याची पातळी खुणेवर असतानाच.

पाणी कुठलं वापरताय

खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर यायला लागले की टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) कुठल्या कुठे जातो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं म्हणून "मग तेच वापरू, फुकट मिनरल" असं मला एकाने अगदी गंभीरपणे सुचवलं होतं. नको. त्यासोबत नायट्रेट, सिलिका आणि काय काय येतं आणि प्रमाण आपल्या हातात राहत नाही. स्वयंपाकघरातला आरओसुद्धा बघून वापरा, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५०-६० सहज असतो. पुढे डीआय रेझिन लावून शून्य करा.

आणि कोकणातून कॅन भरून आणणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात खाडीजवळचं पाणी पातळ असतं, आणल्यावर खारटपणा मोजल्याशिवाय काही ठरवू नका.

टेस्ट, आणि ती पण दोनदा

सॅलिफर्ट किंवा रेड सी, कुठलंही किट चालेल. दोन्हींत सिरिंजने थेंब थेंब टाकत रंग बदलायची वाट बघायची असते, आणि शेवटच्या टप्प्यात रंग गुलाबी-जांभळा का निळसर यावर घरात भांडणं होतात. ट्यूबलाईटखाली, मागे पांढरा कागद धरून बघा, टँकच्या निळ्या लाईटमध्ये तर अजिबात नाही. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की ३०-४० चा फरक सहज पडतो. म्हणून सलग दोनदा करा, सरासरी घ्या, आणि १२८० आलं का १३१० आलं यावर झोप घालवू नका, किटच्या दृष्टीने ते एकच आहे.

एक युक्ती, जी मी आता टँकसाठीच्या समुद्री मिठाच्या दर नव्या डब्याला करतो: नवीन मीठ ३५ पीपीटीला मिसळून, चोवीस तास पंप फिरवून, त्याचंच मॅग्नेशियम मोजायचं. मिठाच्या डब्यावर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास आलं तर किट ठीक, मीठ ठीक. मिठातच ११८० आलं तर कितीही वॉटर चेंज करा, टँक त्याच्या वर जाणार कसा? पण तसं आलं तर आधी डबा नीट हलवून परत मिसळा, वाहतुकीत जड-हलके कण वेगळे होतात आणि वरवरचं काढून घेतलं की प्रमाण बिघडतं. डबा आडवा करून लोळवायचा, आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे आणि ती ते आनंदाने करते.

किती घालायचं

बाजारात तयार बाटल्या मिळतात, त्या उत्तम आहेत पण मोठ्या दुरुस्तीला महाग पडतात. आत असतं काय, तर मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आपलं एप्सम सॉल्ट. दोन्ही वेगवेगळे घेऊन घरी मिसळता येतात. ग्रेड मात्र बघून घ्या, फार्मा किंवा फूड ग्रेड किंवा लॅबचं. मार्केट यार्डाच्या बाजूला खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेटची पोती मिळतात, कपाशीवर लाल्या आला की शेतकरी तेच फवारतात, आणि भाव ऐकून मोह होतो, पण शेतीच्या मालात जड धातू किती आहेत हे कोणी मोजलेलं नसतं आणि कोरलला तांब्याचा अंशसुद्धा सोसत नाही. सुगंध घातलेलं आंघोळीचं एप्सम सॉल्ट पण नको.

नुसतं एप्सम का नाही? कारण मग सल्फेट वाढत जातं. नुसतं क्लोराइडही दीर्घकाळ नको. समुद्रात क्लोराइड आणि सल्फेटचं जे प्रमाण आहे ते सांभाळायचं तर वजनाने आठ भाग मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं, म्हणजे हेक्झाहायड्रेट, पांढरे ओलसर खडे असतात ते) आणि एक भाग एप्सम, हे बरोबर बसतं. क्लोराइडमध्ये शुद्ध मॅग्नेशियम जवळपास १२ टक्के, एप्सममध्ये ९.९, मिश्रणात ११.७.

गणित सोपं आहे. लिटर गुणिले किती पीपीएम वाढवायचं, म्हणजे तेवढे मिलिग्रॅम मॅग्नेशियम. १००० ने भागा, ग्रॅम झाले. ते ०.११७ ने भागा, मिश्रणाचं वजन आलं.

माझं: १८० लिटर, ११८० वरून १३२०, म्हणजे १४० वाढवायचं. १८० गुणिले १४० म्हणजे २५,२०० मिलिग्रॅम, २५.२ ग्रॅम. भागिले ०.११७, साधारण २१५ ग्रॅम. त्यात १९१ क्लोराइड, २४ एप्सम.

इथे लिटर म्हणजे खरं पाणी. तीन गुणिले दीड गुणिले दीड फुटाच्या काचेच्या पेटीत १९० लिटर मावतात, म्हणून १९० धरू नका, दगड आणि वाळू बरीच जागा खातात, आणि संपमधलं पाणी वेगळं मिळवावं लागतं. टँक पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून ठेवल्या असतील तर तुम्ही भाग्यवान. नसतील तर जरा कमीच धरा, कमी पडलं तर परत घालता येतं, जास्त झालेलं काढायला वॉटर चेंजशिवाय उपाय नाही.

ओतायची पद्धत

एका दिवसात ५० पीपीएम, अगदीच घाई असेल तर १००, त्याच्या वर नाही. मी २१५ ग्रॅमचे तीन भाग केले, रोज ७२ ग्रॅम. वजनाला दिवाळीच्या फराळाचा काटा घेतला, त्यावरून झालेलं बोलणं इथे लिहीत नाही, पण तुम्ही स्वतंत्र घ्या.

पावडर कधीही थेट टँकमध्ये टाकायची नाही. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवा, क्लोराइड विरघळताना थोडी उष्णता सुटते, घाबरू नका. तळाशी गाळ किंवा वर तवंग दिसला तर ते पाणी फेकून द्या आणि त्या दुकानात परत जाऊ नका. मग संपमध्ये, रिटर्न पंपाच्या (पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या) जवळ जिथे प्रवाह जोरात आहे तिथे, अर्ध्या तासात थोडं थोडं करून ओता. त्या दिवशी तेवढं एक लिटर टॉप-अप कमी.

तिन्ही दिवस झाले की एक दिवस नुसतं थांबा. मग मॅग्नेशियम परत मोजा आणि खारटपणाही, कारण आपण शेवटी मीठच घातलंय. माझ्या २१५ ग्रॅमने खारटपणा अर्ध्या पीपीटीपेक्षा थोडा जास्त वाढला. थोडं टँकचं पाणी काढून गोडं घातलं की झालं.

गोगलगायींवर लक्ष ठेवा. टर्बो स्नेल काचेवरून सुटून उताण्या पडायला लागल्या तर डोस फार जलद गेलाय. प्रयोगशाळांमध्ये समुद्री जीवांना सुस्त करायला मॅग्नेशियम क्लोराइडच वापरतात, त्यामुळे हे निरुपद्रवी मीठ आहे असं धरून चालू नका. ब्रायोप्सिस शेवाळ मारायला काहीजण मॅग्नेशियम मुद्दाम १६०० च्या वर नेतात, मी ते केलेलं नाही आणि गोगलगायी प्रिय असतील तर करणारही नाही.

मग अल्कलिनिटी, मग कॅल्शियम

हा क्रम मोडू नका. मॅग्नेशियम जागेवर यायच्या आधी सोडा वाढवला की हीटरवर परत तेच प्लास्टर. आता अल्कलिनिटी १ डीकेएच वाढवायला १८० लिटरला ५.४ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नको. कॅल्शियम २० पीपीएम वाढवायला १८० लिटरला १३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचं (डायहायड्रेट). दोन्ही एका मगमध्ये कधीच मिसळायचे नाहीत, लगेच खडू होतो, सकाळी एक आणि रात्री दुसरं.

कोरल खातात तेव्हा २० पीपीएम कॅल्शियममागे २.८ डीकेएच अल्कलिनिटी जाते, हे ठरलेलं आहे. तुमच्या टँकमध्ये अल्कलिनिटी भराभर उतरतेय आणि कॅल्शियम हलत नाहीये असं वाटलं तर आधी टेस्टवर संशय घ्या. मॅग्नेशियम यांच्या तुलनेत फार हळू खर्च होतं, कॅल्शियमच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून कमी. दगडांवरचा कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर त्यातल्या त्यात जास्त घेतो. म्हणून एका आठवड्यात मॅग्नेशियम १०० ने पडलं असं दिसलं तर ते कोणी खाल्लेलं नाही, किट, खारटपणा किंवा टॉप-अप यांपैकी काहीतरी गंडलंय. अल्कलिनिटी मी आठवड्यातून दोनदा मोजतो, मॅग्नेशियम पंधरा दिवसांनी एकदा.

पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन यांच्या बाटल्या दुकानदार दाखवेलच. जे मोजत नाही ते ओतायचं नाही, एवढं पाळा. दर आठवड्याला १० टक्के वॉटर चेंज आणि बरं मीठ असेल तर मध्यम गर्दीच्या टँकला ते पुरतं. फारच शंका असेल तर आयसीपी टेस्ट (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजतात ती) करून घ्या, बाटल्यांच्या रांगेपेक्षा स्वस्त पडते.

हीटर आणि पंपावरचा थर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात रात्रभर बुडवून ठेवला की सुटतो. हीटरचा प्लग आधी काढायचा, आणि तो गार झाल्यावरच पाण्याबाहेर घ्यायचा.

पावसाळ्याचं एक

मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैमध्ये उघडं पाकीट चार दिवस ठेवलं तर आत चिखल होतो, आणि मग तुम्ही ७२ ग्रॅम मोजता तेव्हा त्यात पाणीच किती आहे कोणाला माहीत. म्हणून मी पाकीट फोडलं की त्याच दिवशी द्रावण करून टाकतो: ७६० ग्रॅम क्लोराइड आणि ९५ ग्रॅम एप्सम एका मोठ्या भांड्यात थोड्या आरओ-डीआय पाण्यात विरघळवायचं, गार झाल्यावर पाणी वाढवून बरोबर एक लिटर करायचं आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचं. हे १ मिली द्रावण १०० लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवतं. माझ्या टँकला १ पीपीएमला १.८ मिली, म्हणजे ४० वाढवायचं तर ७२ मिली, औषधाच्या मापाने मोजून, काटा लागतच नाही. बाटलीवर मार्करने ठळक लिहून ठेवा काय आहे ते, स्वयंपाकघरात ठेवू नका, दिसायला ते अगदी पाण्यासारखं असतं.